कलाकार अज्ञात

माझ्या मैत्रिणीची नजर चांगली होती, हे मी आजही नाकारत नाही. कमर्शियल आर्टला आम्ही एका वर्गात होतो आणि दर शनिवारी एकेक 'सापडलेलं' घेऊन भेटायचो. रद्दीवाल्याकडच्या परदेशी मासिकातलं पान, एखादं पोस्टर, औषधाच्या खोक्यावरची जुनी अक्षरं, काहीही. ते टेबलावर ठेवायचं आणि चहा संपेपर्यंत दोघींनी नुसतं बघायचं. वर्गात शिकले त्यापेक्षा मी या शनिवारांतच जास्त शिकले.

मग आयटी आली. ती हिंजवडीच्या एका कंपनीत वेबसाइटची डिझायनर झाली. मी वारज्यात घरी बसून दिवाळी अंकांची आणि मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढत राहिले. शनिवार तिच्या मीटिंगांनी खाल्ले. त्याऐवजी दर सोमवारी तिची ईमेल येऊ लागली, ऑफिसातल्या सगळ्यांना आणि त्यांच्यासोबत मलाही. जपानी फोटोग्राफर, डच खुर्च्या, फिनलंडमधली चहाची भांडी. निवड झकास असायची, खोटं कशाला बोलू? पण सगळं बाहेरचं. इथलं काही बाईंना आवडायचंच असेल, तर ते आधी एखाद्या गोऱ्या माणसाला आवडलेलं असावं लागे.

त्याच सुमारास मी बिबवेवाडीतल्या एका छापखान्यासाठी कॅलेंडर केलं. त्यातल्या एका चित्रासाठी कितीतरी सकाळी मंडईत जाऊन बसले होते. कोबीचा ढीग आणि त्यामागून पुढे आलेले बाईचे फक्त दोन हात. बाकी बाई दिसतच नाही. माझ्या हातून इतकं चांगलं आधी कधी उतरलं नव्हतं, आणि हे मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं. बाकी कुणी काय म्हणतं याचं मला सोयरसुतक नव्हतं. तिला कॅलेंडर नेऊन दिलं, तेव्हा "अरे वा!" म्हणून तिने ती गुंडाळी रबरबँडही न काढता पिशवीत टाकली. नंतर मी बरेच दिवस वाट बघितली. विचारलं मात्र नाही. मागून घेतलेलं कौतुक मला नको होतं.

पुढे तिने बाणेरला फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला गेले, तर हॉलमध्ये सोफ्याच्या वर माझे कोबी! चित्र मोठं करून छापलेलं, महागाची फ्रेम केलेलं. कुणीतरी कॅलेंडरचं पान स्कॅन करून, सहीचा कोपरा कापून इंटरनेटवर टाकलं होतं आणि ते फिरत फिरत हिच्यापर्यंत पोचलं होतं. ती ऑफिसच्या लोकांना सांगत होती, "आर्टिस्ट अननोन आहे, पण ईस्ट युरोपियन असणार. ते हात बघा ना! काय रिस्ट्रेंट आहे! आपल्याकडे असं कोणी करतच नाही."

मला आनंद झाला. लाज वाटावी इतका झाला. स्वयंपाकघरात तिला गाठून म्हणाले, "अगं, ते माझं आहे. कॅलेंडरमधलं. तुला दिलं होतं ना."

"काय सांगतेस! मग आधी नाही का बोलायचंस?" तिने मला मिठी मारली, हात धरून हॉलमध्ये नेलं आणि चित्रासमोर उभी राहिली. मान कलती करून बराच वेळ बघत होती.

"आता नीट बघितल्यावर कळतंय," ती म्हणाली. "हात जरा जड झालेत, नाही का? आणि खाली जागा उगाच सोडलीयेस."

चित्र तेच होतं. फक्त ते काढणारी आता वारज्यात राहत होती. मला तिचा संताप आला आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा, कारण घरी पोचल्यावर पर्ससुद्धा खाली न ठेवता मी मूळ चित्र बाहेर काढलं आणि हात खरंच जड झालेत का ते बघत बसले.

दिवाळीत तिने फराळाला बोलावलं. सोफ्याच्या वर आता बर्फातल्या झाडांचा काळापांढरा फोटो होता. चकली उत्तम झाली होती. निघताना ती दारापर्यंत आली आणि चपलांच्या कपाटाच्या वर, विजेच्या मीटरशेजारच्या भिंतीकडे बोट दाखवून म्हणाली, "बघ, तुझं चित्र अजून ठेवलंय हं मी."

"हो, दिसलं," मी म्हणाले आणि चपला घातल्या.