डाव्या ब्रेकचा ग्रामोफोन

रस्त्यावर उतरवून टाकलेलं लिंबू मी बुटानं उडवत जाणारा माणूस. आमच्या दुकानाचं शटरसुद्धा मुद्दाम अमावस्येला बसवून घेतलं होतं. (ते पुढे कायम अडकायला लागलं, पण तो मी शोधलेल्या स्वस्त कारागिराचा प्रताप.) इथले भुताखेतांचे अनुभव वाचून खाली खोचक काहीतरी लिहिणाऱ्यांतलाच मी. आज माझ्यावर पाळी आली आहे... हसा खुशाल.

वर्ध्यात आमचं हार्डवेअरचं दुकान. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मला जुन्या ग्रामोफोनचा नाद लागला. तो लावणारे गुलाबभाऊ — पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, वयानं माझ्यापेक्षा बरेच मोठे. आम्ही मशीनं विकत फारशी घेत नसू, नोंदवत असू. एकाच कंपनीचं एकच मॉडेल, पण कुठं भोंग्याच्या पाकळ्या निराळ्या, कुठं पेटीच्या कोपऱ्यांना नक्षीचे खांब, कुठं साउंडबॉक्सची — सुई धरणाऱ्या गोल डबीची — मान वेगळ्या वळणाची. मापं ते घेत, फोटो मी काढी. पहिला अख्खा रोल मी लेन्सचं झाकण न काढता काढला. एकदा नागपूरहून अस्सल जुनं म्हणून मशीन आणलं. भोंग्यावर हात फिरवला तर तळहाताला ताजं पॉलिश लागलं. गुलाबभाऊ दिवसभर हसत होते.

त्यांचे कान तेव्हापासूनच जात चालले होते. वत्सलावहिनी म्हणायच्या, "भाऊजी, याइले भोंगा आयकू येते, बायको नाई आयकू येत."

एका दुपारी गुलाबभाऊ पुढच्या खोलीत एका मशीनचा फिरता भाग साफ करत बसले होते. चहा आला नाही म्हणून आत गेले, तर वहिनी ओट्यापाशी पडलेल्या. डॉक्टर म्हणाले, झटक्यात गेल्या असतील. गुलाबभाऊंनी त्यांना एकच विचारलं, "तिनं हाक मारली असन का?"

मग हाच प्रश्न त्यांनी शेजाऱ्यांना विचारला, दूधवाल्याला विचारला, मला तर रोज. शेजारची मंडळी त्या दिवशी लग्नाला गेलेली. कोणी काही ऐकलं नव्हतं. आणि वर्ष सरता सरता त्यांचे कान पुरते गेले. कानाला यंत्र लावूनही उपयोग होईना. मी शाळेतली पाटी घेतली आणि त्यावर लिहून बोलायला लागलो.

त्यांना घराबाहेर काढायचं म्हणून मीच फिरती चालू ठेवली. तळेगाव श्यामजी पंत या गावी एका कापडवाल्याकडे मशीन असल्याचं कळलं. पाहतो तर तबकडी थांबवायच्या ब्रेकची दांडी डाव्या बाजूला! आम्ही पाहिलेल्या सगळ्या मशीनांत ती उजवीकडे. मी चावी दिली, नवी सुई घातली — दर रेकॉर्डला सुई नवी लागते, नाहीतर रेकॉर्ड खरवडली जाते — आणि मालकाकडचंच एक जुनं भजन लावलं. गुलाबभाऊ ओसरीच्या टोकाला आमच्याकडे पाठ करून चूळ भरत होते.

मला ऐकू आलं ते भजन आणि खरखर. पण त्यांच्या हातातला तांब्या खाली पडला. ते धावत आले.

"थांबा, थांबा... बोलून राह्यली."

"कोन बोलून राह्यलं जी?" कापडवाला घाबरून म्हणाला.

"वत्सला." भोंग्याशी वाकून ते एकेक शब्द मोठ्यानं म्हणायला लागले, "अवो... मी तुमाले..."

तेवढ्यात पेटीत ताडकन स्प्रिंग तुटली.

"बंद काऊन केलं शेठ?" ते माझ्यावर ओरडले. "पुढं काय म्हनत होती ते?"

ज्या माणसाला शेजारी फुटलेला सुतळी बॉम्ब ऐकू येत नव्हता, त्यानं पाठमोरं असताना काय ऐकलं? मी मनाशी म्हटलं, फरशीची थरथर पायाला लागली असेल. मग 'मी तुमाले' कुठून आलं?

कापडवाल्याच्या परवानगीनं आम्ही नवी स्प्रिंग बसवली. भजन छान वाजलं. गुलाबभाऊ भोंग्यात डोकं घालून बसले, आणि शेवटी मान हलवून उठले.

त्यांनी आपल्या हिशोबानं निदान केलं. मशीन उघडलं, तिथंच बिघडलं. आता तसंच दुसरं पाहिजे — डाव्या ब्रेकचं, आतला माल मूळचा, कोणी न उघडलेलं. आमची नोंदणी तिथं संपली आणि शोध सुरू झाला. हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, गिरड... मी स्कूटरवर पुढे, ते मागे पाटी धरून. भाव विचारायचे नाहीत, फोटो काढायचे नाहीत. घरात शिरायचं, ब्रेक बघायचा, बाहेर पडायचं. जेवायला बसलं की ते पुन्हा तेच काढत.

"'मी तुमाले हाका मारल्या' असन, नाईतं 'मी तुमाले उगाच तरास नाई देल्ला' असन. या दोनातलं काय असन, शेठ?"

मी पाटीवर दुसरं लिहून द्यायचो. ते हातानं पुसून टाकायचे. "तुमी नोका सांगू. तिले सांगू द्या."

अशी काही वर्षं गेली. माझ्यासारख्याच्याही खिशात मोबाइल आला, तेव्हा जाम गावच्या एका ढाब्यावर ते मशीन दिसलं. गल्ल्याशेजारी, प्लास्टिकच्या फुलांखाली. ब्रेक डावीकडे.

"चालते का नाई मालूम नाई जी," मालक म्हणाला. "आमच्या बुढ्यापासून कोनी हातच नाई लावला."

गुलाबभाऊ खुर्ची ओढून बसले. मी पुढे झालो. चावी दिली, ब्रेक सोडला, साउंडबॉक्स अलगद रेकॉर्डवर टेकवला. हायवेवर ट्रकांचे हॉर्न एवढे की मला गाणं ऐकू येईना; पण मी गाणं ऐकायला आलोच नव्हतो. मी त्यांचा चेहरा बघत होतो. डोळे मिटलेले. हळूहळू त्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला.

ते म्हणाले, "लई हाका मारल्या म्हनते. मंग पानी मांगतलं म्हनते... मंग थकली."

मी घाईनं साउंडबॉक्स उचलायला गेलो आणि थबकलो. त्यात सुई नव्हती. सुई माझ्या ओठांत होती! शिंप्यासारखी धरलेली, घालायचीच विसरलेली. साउंडबॉक्स रेकॉर्डवरून नुसता घसरत होता.

आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या मूर्खपणाचा आनंद झाला. मी ओठांतली सुई काढून त्यांच्या डोळ्यांपुढे नाचवली आणि पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं — सुई नव्हती. काहीच वाजलं नाही. मला वाटलं, आता मला चार शिव्या घालतील आणि सुटतील.

त्यांनी ते दोनदा वाचलं.

"मंग मशिनीचं काई कामच नव्हतं," ते शांतपणे म्हणाले. "तीच होती."

पाटी त्यांनी बाहीनं पुसून माझ्या हातात दिली. त्यानंतर ते एकही मशीन बघायला आले नाहीत.

मनाचे खेळ असतात, हे मीही जाणतो. पण मन खेळलंच असेल, तर त्यानं दोन वाक्यांतलं दुसरं का नाही निवडलं? स्वतःच्या वाट्याला असलं कोण रचून घेईल? इतकी वर्षं झाली, गुलाबभाऊही गेले, मला उत्तर सापडलेलं नाही. कुणाला सापडलं तर जरूर लिहा. खोचक लिहिलंत तरी चालेल.

ते होते तोवर मी दुपारी त्यांच्याकडे जाऊन बसायचो. बोलता बोलता ते मध्येच "आलो, आलो" म्हणत उठायचे, स्वयंपाकघरात जायचे, आणि पाण्यानं भरलेला पेला तसाच हातात घेऊन परत यायचे.

"पानी तं नेऊन राह्यलो शेठ, तरी हाका थांबत नाई."

एकदा मला राहवलं नाही. मी पाटीवर लिहिलं — गुलाबभाऊ, माझे कान चांगले आहेत. मला काही ऐकू येत नाही.

त्यांनी वाचलं. माझ्याकडे पाहिलं.

"मलेबी तवा नव्हतं येत," ते म्हणाले, आणि पुन्हा आत गेले.