केरू घरत आणि वरच्या हवेतली धूळ

पेणजवळच्या खाडीकाठी एक गाव आहे. तिथल्या मिठागरवाल्या घरांतला पहिला एम. एस्सी. म्हणजे केरू घरत. रोह्याच्या एका कॉलेजात तो पाच वर्षं पदार्थविज्ञान शिकवत होता, पण तात्पुरता. दर जूनला हातात नवा कागद, दर एप्रिलला नमस्कार. त्र्याण्णव साली कॉलेजनं सांगून टाकलं, की डिसेंबरअखेर एम. फिल.चा प्रबंध दिला तर कायम करू, नाही तर जागा दुसऱ्याला.

त्याचा शाळासोबती धनेश धाटावला रसायनांच्या कंपनीत होता. "नाय जमलं तर ये आमच्यात. लॅबमधी माणूस पायजेच हाय," असं त्यानं सांगून ठेवलं होतं. एके काळी केरूला हे ऐकूनच राग यायचा. पण त्या वर्षी शिमग्याला बाप गेला, काळुराम घरत, आणि तेव्हापासून केरूला रागही येईना नि रडूही. ताट समोर आलं की जेवायचा, तास आला की शिकवायचा. गाडी आली की चढायचा.

प्रबंधाचा विषय मात्र त्यानं सोडला नव्हता. एक्क्याण्णवच्या जूनमध्ये फिलिपिन्समधला पिनाटूबो नावाचा ज्वालामुखी फुटला. त्याचा गंधकाचा वायू ढगांच्याही पार वर, वीस-पंचवीस किलोमीटरवर गेला आणि तिथे त्याचे बारीक बारीक थेंब होऊन ते जगभर पसरले. तीच ती धूळ. आपल्या कोकणाच्या डोक्यावर ती किती होती, कोणत्या उंचीवर होती, किती महिने टिकली, एवढंच केरूला शोधायचं होतं. उपग्रहांचे आकडे पुण्याच्या एका संस्थेतून टपालानं यायचे. छापील कागदांचे गठ्ठे.

गठ्ठे दोन प्रकारचे होते. एक उपग्रह सरळ खाली बघणारा. त्याचे आकडे जवळजवळ रोजचे, समुद्रावरचे, भरगच्च. पण समुद्रापासून आभाळापर्यंत जेवढी धूळ, तेवढी सगळी एकाच आकड्यात. दुसरा कडेनं बघणारा. सूर्य उगवताना आणि मावळताना पृथ्वीच्या कडेच्या हवेतून जे ऊन आरपार येतं, ते हा मोजायचा. ऊन जितकं अडलं तितकी धूळ जास्त. याचे आकडे उंचीगणिक वेगळे, पण कोकणच्या पट्ट्यावर महिन्यातून मोजकेच. केरूनं कडेनं बघणारा निवडला. वरची हवा बघायची तर दुसरा इलाज नव्हता.

त्या कागदांत मधेमधे जागा कोऱ्या होत्या. एक्क्याण्णवच्या पावसाळ्यापासून पुढे, वीस किलोमीटरच्या खाली, ओळीनं कोऱ्या. केरूनं तिथे शून्य धरलं. त्यात त्याला काही विचार करावाच लागला नाही. मिठागरावर बापाची रीत तशीच होती. झोपडीच्या भिंतीवर कोळशानं ओढलेल्या चौकटी, ज्या वाफ्यातून मीठ ओढलं त्याच्या चौकटीत रेघ. मीठ नसेल तर चौकट कोरी. कोरं म्हणजे काही नाही. लहानपणापासून हेच वाचत आलेला माणूस तो. शून्य धरून त्यानं आलेख काढला, आणि धूळ वर एका पातळ थरात तरंगत होती, खालची हवा निर्मळ होती, असं चौथं प्रकरणही लिहून काढलं. मार्गदर्शक हैबतराव सरांना ते फार आवडलं.

नोव्हेंबरातली गोष्ट. पेणहून रोह्याला जाणाऱ्या गाडीत धनेश त्याच्यासमोर बसला होता. निडी स्टेशन गेलं तसा त्यानं केरूच्या मांडीवरचा आलेख ओढून घेतला.

"मास्तर, ह्या काय? हितं सगळा साफ? डोंगर फुटला नि त्याच महिन्यात साफ?"

"कागदावर कोरं हाय ते. मंजे काय नाय तिथं."

"कोरं?" धनेश हसला. "आमच्या प्लांटमधी कवा रजिस्टर कोरं असतं, ठाव हाय? वायू इतका सुटतो का मीटरचा काटाच पार जाऊन टेकतो. मंग लिवायचं काय? कोरं सोडतो नि बाहेर पळतो. तू असतास तर हवा झ्याक हाय म्हणून आत जाऊन बसला असतास."

डब्यातली दोन माणसंही हसली. केरू हसला नाही, दचकलाही नाही. त्यानं आलेख परत घेतला आणि बघितला. धूळ इतकी दाट, की ऊन आरपार आलंच नाही. यंत्र मोजणार काय? जिथे सगळ्यांत जास्त होती तिथेच त्यानं शून्य लिहिलं होतं. रोहा आलं तेव्हा तो उतरला. दोन तास घेतले, हजेरी घेतली, मग हैबतराव सरांच्या घरी गेला.

सरांनी शांतपणे ऐकलं. "अरे, मग तो खाली बघणारा घे ना. भरगच्च आकडे आहेत. आठ दिवसांत प्रकरण नवं होतं, डिसेंबर गाठतोस."

"त्यात खालची धूळ, धूर सगळं एकात हाय, सर. वरचं किती, ते सांगता येत नाय."

"परीक्षक कशाला विचारतोय?"

केरूनं आलेख गुंडाळला. मग म्हणाला, "कडेनं बघणाराच ठेवतो. कोरं ते कोरंच दाखवतो, आणि मोजता आलं नाय असं लिहितो. त्या उंचीचे फुग्यांतून यंत्रं सोडून घेतलेले आकडे मिळतात, ते मागवायला लागतील."

"केव्हा यायचे ते?"

"चार-सहा महिने."

"म्हणजे नोकरी गेली, केरू."

"व्हय, सर."

त्यानं ते असं म्हटलं, जणू दुसऱ्याच कुणाची जात होती. घरी येऊन बायकोला, समीक्षाला, सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "तुम्ही सरांचं ऐकलं असतंत तर कोणाचं काय बिघडलं असतं?" तिनं विचारलं. तो पाय धुवायला गेला. ती चिडली, मग परत तांदूळ निवडायला लागली.

जानेवारीत कॉलेजात दुसरा मास्तर आला आणि केरू धाटावच्या लॅबमध्ये लागला. फुग्यांचे आकडे मे महिन्यात आले. वीस किलोमीटरच्या खाली धूळ होती, भरपूर होती. प्रबंध गणपतीच्या आधी दिला, पदवी पुढच्या वर्षी मिळाली. परीक्षकानं आकड्यांच्या निवडीबद्दल दोन ओळी चांगल्या लिहिल्या होत्या. समीक्षानं त्या दोनदा वाचल्या.

"आता तरी बरं वाटलं का?"

केरूनं थोडा वेळ खरोखर विचार केला.

"वाटंल," तो म्हणाला, आणि डबा घेऊन दुसऱ्या शिफ्टला गेला.