पळणारीला बॉल द्या

या माणसाबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा 'मैदानाच्या कुंपणावर कोपरं टेकवून उभे राहायचे' इथपर्यंत येऊन थांबलो. त्यापुढचं खरं लिहायचं तर मला माझ्याबद्दल लिहावं लागतं. आता ऐंशीला टेकलो आहे. एका भल्या माणसावर माझ्यामुळे बसलेला डाग तसाच ठेवून जाणं बरं नाही, म्हणून बसलो आहे.

तर, कोपरं टेकवून. बोटं एकमेकांत गुंतवलेली, कानटोपी भुवयांपर्यंत ओढलेली, आणि दर थोड्या वेळाने, कुणालाच उद्देशून नाही पण बेंचवर बसलेल्यांना नक्की ऐकू जाईल अशा आवाजात, "पळणारीला बॉल द्या हो."

तेही मराठीत. कॅनबेरातल्या त्या मैदानावर मराठी समजणारे आम्ही मोजून चौघंच.

ते निवृत्त दंतवैद्य. मूळचे नाशिकचे, पण निम्मं आयुष्य इथे गेलेलं. आम्ही त्यांना डॉक्टर म्हणायचो, बाकी सगळे 'डॉक'. बायको गेल्यावर मी इथल्या गुंगालिन उपनगरात मुलाकडे राहायला आलो. मुलगा-सून आपापल्या कामात, नातीशी मराठीत बोललो की उत्तर इंग्रजीत यायचं. एका शनिवारी फिरता फिरता ओव्हलपाशी, म्हणजे इथल्या खेळाच्या मैदानापाशी, थांबलो. मुलींची फुटबॉलची मॅच चालली होती. एक जण तोंडावर आपटली आणि माझ्या तोंडून "अरेरे" निघून गेलं.

"तिथे नका उभे राहू, वारा लागतो," शेजारून आवाज आला. "इकडे या."

इथला फुटबॉल लंबगोल चेंडूचा. तो पायाने मारतात, हातानेही ढकलतात. मला काहीच कळेना. डॉक्टर म्हणाले, "खो-खो समजा. पळायचं, हूल द्यायची, सापडायचं नाही. फक्त बगलेत बॉल असतो."

"आणि बाकीचे नियम?"

"ते मलाही सगळे कळत नाहीत. पंचांनाही कळतात असं वाटत नाही."

कॉलेजात ते खो-खो खेळलेले होते, त्यामुळे पळणाऱ्याबद्दल त्यांना माया. आमच्या संघात जिंसी नावाची केरळची मुलगी होती, हॉस्पिटलात नर्स. बॉल घेऊन ती कडेने अशी सुटायची की समोरची मुलगी हवेतच हात मारायची. पण कोच तिला बहुतेक वेळ बेंचवर ठेवायची आणि शेवटी-शेवटी उतरवायची. आमचे शनिवार याच वादात जायचे. आमच्यातला तिसरा निखिल, आयटीतला कॉन्ट्रॅक्टर. तो कोचच्या बाजूचा.

"काका, ती टॅकल करत नाही, समोरचीला धरून पाडत नाही. कोच काय वेडी आहे का?"

"टॅकल करायला बाकीच्या आहेत की. तू कोडिंग करतोस ना? उद्या तुला सर्व्हर उचलून दुसऱ्या मजल्यावर ठेव म्हणाले तर?"

"पण काका, टीममध्ये सगळ्यांनी सगळं करायचं असतं."

"मग तू घरी भांडी घासतोस का रे?"

निखिल गप्प. त्याची बायको जवळच उभी होती आणि ती अजिबात गप्प नव्हती.

मॅच संपली की डॉक्टर कोचकडे जायचे. ती शाळेत खेळ शिकवणारी, चाळिशीची, उंच बाई. "कोच, टू मिनिट्स," हे म्हणायचे. "डॉक, यू गेट वन," ती म्हणायची. जे कुंपणावर बोलले तेच तिच्या तोंडावर, हसत, हातातला ब्रेड खात. शनिवारी ते मांसाहार करत नसत. कॅन्टीनवाली त्यांना सॉसेज वगळून नुसता परतलेला कांदा ब्रेडमध्ये घालून द्यायची. एकदा जिंसीला लवकर उतरवलं आणि तिने दोनदा बॉल घालवला. त्या दिवशीही हे गेलेच. "आज तुझं बरोबर होतं," म्हणाले, "फक्त आज." कोच मनापासून हसली.

संघातल्या सगळ्या मुलींचे माउथगार्ड डॉक्टर स्वतः बनवून द्यायचे, गॅरेजमध्ये, दातांचे ठसे घेऊन. पैसे विचारले की म्हणायचे, "दात पाडून घेऊ नकोस, तीच फी."

मी एकदा म्हणालो, "डॉक्टर, रंगाचंच काहीतरी असणार. आपली मुलगी म्हणून बसवते."

त्यांनी कोपरं उचलली. मी त्यांना एवढं गंभीर कधी पाहिलं नव्हतं. "ते इथे आणू नका. मीही भोगलंय ते, म्हणून सांगतो. ही बाई चुकतेय, पण प्रामाणिकपणे चुकतेय. तुमच्याकडे पुरावा असेल तर दोघं जाऊ, तोंडावर विचारू."

माझ्याकडे पुरावा नव्हता.

नंतरच्या एका मॅचला जिंसी पूर्ण वेळ बसून राहिली आणि आपण हरलो. घरी त्या सकाळी मुलाशी माझं वाजलं होतं, डोकं तापलेलं होतं. कॅन्टीनच्या रांगेत क्लबचा एक पदाधिकारी पुढे होता. मी त्याला म्हणालो, "कुंपणावर सगळे म्हणतात, ती इंडियन आहे म्हणून कोच तिला बसवते." 'मी म्हणतो' असं म्हणालो नाही. सगळे म्हणतात.

पुढच्या शनिवारी मॅचच्या आधी कोच सरळ आमच्याकडे आली. चेहरा पांढरा पडलेला. "डॉक, मी रेसिस्ट आहे असं तू म्हणालास?"

कुंपणावर बोलणारा माणूस म्हणजे डॉक, हे सगळ्या क्लबला माहीत होतं. मी त्यांच्या शेजारी होतो, हातात थर्मास. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. एक शब्द बोलले असते तर सुटले असते.

"आय टॉक टू मच," ते तिला म्हणाले. "सॉरी."

क्लबने त्यांना बेंचच्या बाजूला उभं राहू नका म्हणून सांगितलं. जिंसीही आली. तिचे डोळे भरले होते. "अंकल, प्लीज, माझ्यासाठी तुम्ही बोलू नका. मुली माझ्याशी बोलेनाशा झाल्यात." ते तिलाही सॉरी म्हणाले.

त्यानंतर ते गाडी मैदानाच्या पलीकडच्या बाजूला लावू लागले. इथे लोक गाड्या कुंपणाला तोंड करून लावतात आणि आपला गोल झाला की हॉर्न वाजवतात. पलीकडून त्यांचा हॉर्न ऐकू यायचा. माउथगार्ड तुटला की मुली तिकडे चालत जायच्या. ते काम त्यांनी थांबवलं नाही. मी मात्र जुन्याच जागी उभा राहत होतो.

शेवटी धीर करून गेलो. वाक्य पाठ केलं होतं. त्यांनी आतून दार उघडलं, "या, हीटर लावलाय."

"डॉक्टर, तुम्ही तेव्हा माझं नाव का नाही सांगितलंत?"

"मला मित्र आहेत, डेंटिस्टांची सोसायटी आहे, पेशंट अजून फोन करतात. तुम्हाला शनिवारशिवाय काय आहे?" मग लगेच म्हणाले, "आणि ऐका, आपण दोघंही गाढव. जिंसी परवा माउथगार्डला आली होती, तिने सांगितलं. तिच्या नाइट शिफ्ट चालल्या होत्या. झोपेविना पळाली तर पाय मोडेल म्हणून कोच तिला जपत होती. जिंसीनेच कोचला कुणाला सांगू नको म्हटलं होतं, नाइट करून खेळते हे हॉस्पिटलात कळू नये म्हणून."

ते हसत होते. मी पाठ केलेलं वाक्य काढणार, तेवढ्यात जिंसी बॉल घेऊन कडेने सुटली. डॉक्टरांनी माझा दंड धरला आणि दुसऱ्या हाताने हॉर्न असा दाबला की सोडेचनात. गोल झाल्यावर त्यांचा चेहरा इतका आनंदी होता की मी वाक्य पुढच्या शनिवारवर ढकललं.

असे बरेच शनिवार ढकलले. मग ते ॲडलेडला मुलीकडे राहायला गेले. फोनवर बोलायचो, मॅचबद्दल. फोन ठेवताना दर वेळी वाटायचं, अशी गोष्ट समोर बसूनच सांगायला हवी. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या मुलीचा फोन आला.

क्लबने त्यांच्यासाठी मॅचआधी शांतता पाळली. कोच माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "भला माणूस होता," ती म्हणाली. "ती एक गोष्ट सोडली तर."

मी तिला सांगितलं. रांगेतलं, थर्मासचं, सगळं. इंग्रजी अडखळत होतं, पण सांगितलं. शेवटी सॉरी म्हणालो.



"त्याला म्हणालास का कधी?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो.