पितरपाटातला कॅमेरा

सोनगीरला कुणाच्या घरी हळद असली, की पाटावर नवरी बसण्याआधी बायका दाराकडे बघतात. "फोटोवाली उनी का?" फोटोवाली म्हणजे कोकिळा. ती येते पदर खोचून, गळ्यात कॅमेऱ्याचा पट्टा, खांद्याला काळी बॅग. बॅगेची चेन केव्हाच गेली. तिच्या जागी सेफ्टी पिना. ती आत आली रे आली की फर्माइशी सुरू.

"कोकिळा, मना डावा गाल ले बरं. उजवाले फोड शे."

"मनी जाऊ येवाना आगुदर मना एक काढ वं!"

कोकिळा सगळ्यांना हो म्हणते आणि फोटो काढते ते आपल्या मनासारखेच. पुरुष फोटोग्राफर दाराशी आला की ज्या बायका पदर सावरून पुतळ्यासारख्या बसतात, त्याच हिच्यापुढे एकमेकींच्या तोंडाला हळद फासतात, उखाणा विसरून जीभ चावतात, माहेरच्या आठवणीनं डोळे पुसतात. कोकिळेच्या फोटोत हळदीचा वास येतो, असं सोनगीरच्या बायकांचं म्हणणं आहे.

पण हळद उतरली, नवरदेव मांडवात आला, की कोकिळेचं काम संपायचं. स्टेज धुळ्याहून येणाऱ्या फोटोग्राफरांचं. त्यांची गाडी यायची, पांढऱ्या छत्र्या उतरायच्या, दोघंतिघं जण तोफ रोखावी तसे कॅमेरे रोखायचे. कोकिळा आपली पंगतीत बसून वरण-बट्टी कुस्करायची आणि लांबूनच स्टेजकडे बघायची. "अरे, नवरीची मावशी रडतेय तिकडं, तिचा घे ना," असं तिच्या ओठांवर यायचं. पण ऐकतो कोण?

ही विद्या तिला सासऱ्यांकडून मिळाली. ती मूळची नशिराबादची. तिकडची बोली वेगळी, त्यामुळे लग्नानंतर पहिलं वर्षभर ती बोलली की सासूबाई हसायच्या आणि सासूबाई बोलल्या की ती गोंधळायची. तिचे सासरे पुनानाना यांचा फाट्यावर स्टुडिओ होता. मागच्या पडद्यावर सोनगीरचा किल्ला रंगवलेला आणि त्याच्या पायथ्याशी निळंशार तळं, तळ्यात बदकं. किल्ल्याखाली असं तळं कुठं आहे, असं कुणी विचारलं तर नाना म्हणायचे, "पानी पडनं तर व्हई."

नानांनी आधी मुलाला शिकवायला घेतलं. भूषण गुणाचा, कष्टाचा, पण त्यानं काढलेल्या फोटोत नवरदेवाला डोकं नसायचं. एकदा तर नवरा-नवरी दोघंही मानेपर्यंतच आले आणि वधूपित्यानं अल्बम स्टुडिओच्या दारात आणून आपटला. मग भूषण शिरपूरकडच्या सूतगिरणीत लागला आणि नानांनी कॅमेरा सुनेच्या हातात दिला. "पहिले मानूस दख, मंग काच," एवढाच त्यांचा धडा.

नानांचा जीव मात्र एका मोठ्या कॅमेऱ्यात अडकलेला होता. दर दसऱ्याला ते धुळ्याला जायचे, आग्रा रोडवरच्या दुकानात तो काचेतला कॅमेरा काढायला लावायचे, हातात घेऊन जोखायचे, भाव विचारायचे आणि परत द्यायचे. घरी आले की सासूबाई, म्हणजे सुंदरबाई, विचारायच्या, "काय व्हयनं?" नाना टोपी खुंटीला लावत म्हणायचे, "औंदा राहू दे. येता साल दखसूत." असे कितीतरी येते साल आले नि गेले. तीन वर्षांपूर्वी नानाच गेले.

आणि या भादव्यात कोकिळेपुढे मोठा कॅमेरा घ्यायची तीच वेळ आली.

धुळ्याचे कापडाचे व्यापारी रतनलालशेठ यांच्या नातीचं, रिद्धीचं, लग्न ठरलं. तिनं चुलतबहिणीच्या मेंदीतले कोकिळेचे फोटो पाहिलेले, तिनं घरात सांगून टाकलं, "मेंदीपासून फेऱ्यांपर्यंत सगळे फोटो कोकिळाताईच काढतील." घरात चालतं ते रिद्धीच्या आजीचं, चंदनबाईंचं. त्यांनी कोकिळेला बोलावून घेतलं, चहा-फरसाण दिलं आणि चष्मा लावून तिचा अल्बम पानापानानं पाहिला.

"हात चांगला आहे तुझा. पण हे बघ," त्यांनी रात्रीच्या एका फोटोवर बोट ठेवलं, "बाईच्या तोंडावर बाजरी सांडल्यासारखं काय दिसतं हे?"

"उजेड कमी असला की असं होतं दादीजी. कॅमेरा जुना आहे."

"आमच्याकडे फेरे रात्रीच असतात. माझ्या नातीच्या तोंडावर बाजरी चालणार नाही मला. असं कर, घट बसतील त्या संध्याकाळी आमच्याकडे आरती असते. चांगला कॅमेरा घेऊन ये, दिव्यावर एक फोटो काढून दाखव. आवडला तर स्टेज तुझं. नाही तर नाशिकवाल्यांना हो म्हणते, ते रोज फोन करतात."

म्हणजे कॅमेरा हवा तो घटस्थापनेच्या आत, ऐन पितृपक्षात, पितरपाटात. भिशी उचललेली होती, हळदींची कमाई जोडीला होती. पण नव्या कॅमेऱ्याचा भाव ऐकला की ती रक्कम लाजून मान खाली घालायची. कोकिळा माहेरी जाते म्हणून निघाली आणि आधी जळगावात अखिलच्या दुकानात शिरली. अखिल कॅमेऱ्यांचा व्यापारी, तिच्या ओळखीचा. दुकानात तो एकटाच जांभया देत बसला होता.

"या ताई, या! पितरपाटात आमच्याकडं माशीसुद्धा येत नाही, तुम्ही आलात."

त्यानं एक कॅमेरा तिच्या हातात दिला. जुन्यापेक्षा लहान, हलका. त्यानं दुकानातले दिवे घालवले, शटर अर्धं ओढलं आणि म्हणाला, "काढा माझा." अंधारात कोकिळेनं बटण दाबलं, फ्लॅश नाही की आवाज नाही. पडद्यावर अखिलची जांभईसुद्धा स्वच्छ आली. बाजरीचा एक दाणा नाही.

"पण ताई, सगळा पैसा बॉडीत, नुसत्या कॅमेऱ्यात नका घालू. बॉडी दोन वर्षांत जुनी होते. लेन्स टिकते. भुसावळच्या एकानं धंदा सोडला, त्याची लेन्स पडलीय माझ्याकडं. काच एकदम साफ, फक्त वरचा रंग गेलाय. ती माझ्याकडनं न्या. आणि बॉडी..." तो जरा घुटमळला. "मी व्यापारी माणूस, सांगायला नको, पण परवा ऑनलाइन सेल सुरू होतोय. तो भाव मला मिळत नाही, तुम्हाला कुठून देऊ?"

"पितरपाटात सेल?"

"कंपन्यांना काय ताई, त्यांचे पितर परदेशात! दसऱ्यापर्यंत माल उरायचा नाही."

कोकिळा लेन्स घेऊन घरी आली. सेल लागला. भाव खरंच तिच्या आवाक्यात उतरला. तिनं मोबाइल सासूबाईंपुढे धरला आणि सुंदरबाईंच्या कपाळाला आठी पडली.

"पितरपाटमा सुई बी लेतस नही, आन् तू एवढी मोठी वस्तू लेवाले निंघनी? घरमा पितर येल शेतस, माय!"

"आत्याबाई, दसऱ्याला हा भाव राहात नाही."

"भाव नही राह्यना तर नही राह्यना. रीत राह्यनी पाहिजे."

भूषण कामावरून आला, त्यानं दोघींची तोंडं पाहिली आणि हात धुऊन मुकाट ताटावर बसला. घरात दोन बायका गप्प असल्या की पुरुषानं जेवून घ्यावं, एवढं शहाणपण त्याच्याजवळ होतं. कोकिळेनं विषय सोडून दिला. मोबाइलवर मात्र येता-जाता बघायची. 'थोडेच शिल्लक' असं लाल अक्षरात यायला लागलं. काचेतला कॅमेरा बघणाऱ्या नानांसारखीच आपली गत, असं तिला वाटलं. येता साल दखसूत.

दोन दिवसांनी नानांची तिथी आली. कोकिळेनं सकाळपासून राबून खीर, कढी, भजी, गंगाफळाची भाजी केली. नानांना आवडायचं म्हणून भरीतही. सुंदरबाईंनी चुलीजवळ गोवऱ्यांचे निखारे मांडले आणि आगारी टाकायला बसल्या. घास निखाऱ्यांवर पडला, वर तूप पडलं की जाळ भपकन उठतो. मग पितर जेवले म्हणायचं. पण आज जाळ उठेचना. नुसता धूर. सुंदरबाईंनी दुसरा घास टाकला, तिसरा टाकला. धूर, आणि डोळ्यांत पाणी.

गोवऱ्या ओल्या होत्या. आदल्या दिवशीच्या पावसात पत्रा गळलेला कोकिळेनं पाहिला होता. पण ती तोंडात भजं कोंबल्यासारखी गप्प राहिली.

शेजारच्या दिपमालाकाकू जेवायला आलेल्या. त्या म्हणाल्या, "सुंदरबाई, नानासले आवडे ते काही राही गयं का वं?"

"बठ्ठं करेल शे. भरीत बी शे."

"मंग त्यासना जीव कशामा गुतेल व्हता?"

सुंदरबाईंचा हात घासासकट तसाच राहिला. धुरातून त्यांनी खुंटीकडं पाहिलं. नानांची टोपी अजून तिथंच होती. मग त्या सुनेकडं न बघताच म्हणाल्या,

"कोकिळा, तो कॅमेरा तुना मोबाइलमा शे का आजून?"

"शे, आत्याबाई."

"मंग मांगाडी ले."

"आत्ता? पितरपाट..."

"पितरपाट शे म्हनीसनीच सांगस. ज्या मानूसना जल्मभर जीव त्यामा गुतना, त्याले मी काय नुसती खीरच देऊ? मांगाडी ले, मना डोयादखत."

कोकिळेनं ओल्या हातानं ऑर्डर टाकली. बोट दोनदा घसरलं. इकडं सुंदरबाईंनी तुपाची वाटीच निखाऱ्यांवर उपडी केली. भपकन जाळ उठला. आता तो तुपानं उठला की कॅमेऱ्यानं, हे ज्यानं त्यानं ठरवावं. दिपमालाकाकूंनी मात्र कानावर हात ठेवले. "बाई बाई! पितरपाटमा खरेदी!"

"खरेदी कोठे शे वं?" सुंदरबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "निवद शे!"

निवद आला तो सर्वपित्रीच्या दिवशी, खोक्यातून. खोक्यात दगड निघतात, साबण निघतात, असं भूषणनं कुठंतरी ऐकलेलं. म्हणून खोकं उघडताना शूटिंग करायचं ठरलं. जुना कॅमेरा कोकिळेच्या हातात, खोकं सासूबाईंपुढे. त्यांनी विळीनं चिकटपट्टी कापली आणि आत काय आहे ते बघण्याआधीच उजव्या हातात पाणी घेऊन भोवती फिरवलं. "आत्याबाई, पाणी नको!" कोकिळा ओरडली आणि झेप घेऊन तिनं खोकं ओढलं. त्या शूटिंगमध्ये आजही शेवटी नुसतं छत दिसतं आणि सुंदरबाईंचा आवाज येतो, "निवदले पानी फिरावनं पडस, माय!"

घट बसले त्या संध्याकाळी कोकिळा धुळ्याला रतनलालशेठच्या घरी उभी होती. चंदनबाईंनी नवा कॅमेरा पाहिला आणि नाक मुरडलं. "हा? हा तर जुन्यापेक्षा लहान आहे. आणि वरचा रंगही गेलाय."

"दादीजी, दिवे घालवू का?"

दिवे गेले. देवीपुढं फक्त समया आणि आरतीचं ताट. चंदनबाई ताट घेऊन ताठ उभ्या राहिल्या, कोकिळेकडं रोखून बघत, फ्लॅशची वाट बघत. फ्लॅश पडेना, खट्ट आवाज येईना. अखेर त्या वैतागल्या. "काढ ना बाई! हात दुखला माझा!" आणि रिद्धीला हसू फुटलं, तिला बघून आजीलाही.

"काढला," कोकिळा म्हणाली.

पडद्यावर ताटातल्या ज्योतीचा उजेड दोघींच्या गालांवर होता, आजीच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, रिद्धीनं तोंडावर हात घेतलेला. चंदनबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, कॅमेरा डोळ्यांजवळ नेला. बाजरी शोधत असाव्यात. मग रिद्धीला म्हणाल्या, "नाशिकवाल्यांना फोन लाव. सांग, आमचं ठरलं."

कोकिळा शेवटच्या आधीच्या एस.टी.नं सोनगीरला परतली. सासूबाई ओट्यावरच बसलेल्या. तिनं काही सांगण्याआधीच त्यांनी तिच्या तोंडाकडं पाहून ओळखलं. कॅमेरा हातात घेतला, नानांसारखाच जोखला, आणि आत जाऊन खुंटीवरच्या टोपीपुढं धरला.

"हाऊ दखा," त्या म्हणाल्या. "आते तरी येता साल म्हनू नका."