पिऊन आणलेले पेशंट

सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी केली की किस्से शोधायला जावं लागत नाही, ते आपणहून स्ट्रेचरवर येतात. त्यात दवाखाना मोठ्या रस्त्याला लागून असला, की विचारूच नका! बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या दवाखान्यात पोलीस दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना तपासणीला आणतात. डॉक्टर मॅडम तोंडाचा वास बघतात, सरळ चालायला लावतात, मी रक्त काढते. पूर्वी घरी जाऊन हे सांगायचे आणि हसायचे. आमच्या वॉर्डात झाडलोट करणाऱ्या रुखसानाबाजींच्या नवऱ्याचा पाय गेला, तेव्हापासून नुसतं डोकं फिरतं.

*

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, आमच्याकडे पिणाऱ्यांची जत्राच भरते. एकाला मोटारसायकलवरून उतरवून आणला. मागे बायको, पुढे टाकीवर चिमुरडी पोरगी.

मॅडम तापल्या. "सहा महिने आत जाशील, नाहीतर दहा हजार दंड, नाहीतर दोन्ही. माहीत आहे?"

"मालूम हाय ना मॅडम. पण आज कर हाय. आज कोनाले पकडतेत का?"

बायकोही त्याच्याच बाजूनं मान डोलवत होती.

*

एक ट्रकवाला आणला. हवालदाराच्या मशीननं शून्य दाखवलं, डोळे मात्र लालभडक. गांजा! कायद्याला गांजाही चालत नाही, पण फुंकायच्या मशीनला तो कळत नाही. रक्त तपासायला पाठवावं लागतं.

"मी दारूले हात बी लावत नाही," गडी सांगत होता. शून्य पाहून त्याची छाती फुगली होती. मग तो माझ्याकडे वळला.

"मंग तसं लिहून द्या सिस्टर. बायको मानतच नाही."

*

डोणगावकडच्या एकानं कार दुभाजकावर चढवली. तो टेबलावर बरळतोय आणि त्याचा भाऊ हवालदाराला सांगतोय, "गाडी हा चालवतच नव्हता. आमचे आबा चालवत होते."

"आबा कुठायत?"

"इथंच हायेत. वॉर्डात."

खरंच होते. आदल्या दिवशीच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यावर पट्टी. भावानं कानाशी लागून काहीतरी सांगितलं. आबा उठून बसले.

"हाव, मीच चालवत होतो. कोनती गाडी?"

*

आता बाजींचं. त्यांचे मिस्टर युसूफभाई भाजीची हातगाडी लावायचे. भरदिवसा अमडापूरच्या एका पिकअपवाल्यानं हातगाडीसकट त्यांना उडवलं. त्याच्या तोंडाला दारूचा भपकारा येत होता, सगळ्या बाजारानं पाहिलं.

डॉक्टर एकच. मॅडम युसूफभाईंचा जीव वाचवण्यात गुंतल्या. तेवढ्यात पिकअपवाल्याची माणसं त्याच्या छातीत कळ आली म्हणत त्याला दुसऱ्या दवाखान्यात घेऊन गेली. पोलिसांनी पकडल्यापासून दोन तासांत रक्त घ्यायचं, असा कायदा. तो कायदा त्या लोकांना आमच्यापेक्षा जास्त पाठ! पोलिसांनी त्याला परत आणला आणि माझ्यासमोर त्याचा हात आला तेव्हा दोन तास केव्हाच उलटून गेले होते. रिपोर्टात काही निघालं नाही, दारूचं कलम गळलं. रक्त काढताना मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली होती.

बाजी पोलिसांना एवढंच म्हणत राहिल्या, "मले भरपाई नको साहेब. त्याच्या हातात गाडी नाई पाह्यजे, बस."

*

परवा दवाखान्यात दिव्यांगांच्या दाखल्याचा कॅम्प होता. युसूफभाई कुबड्यांवर आले. काम आटपून बाजी त्यांना घेऊन फाटकाबाहेर रिक्षाची वाट बघत उभ्या राहिल्या. ऊन मी म्हणत होतं. मी पाण्याची बाटली द्यायला बाहेर गेले, तर समोर एक पिकअप येऊन थांबली. तीच. आत तोच. भपकाराही तोच.

त्यानं खिडकीतून कुबड्यांकडे पाहिलं, मग बाजींकडे. ओळखलं की नाही, देव जाणे. वाकून त्यानं आमच्या बाजूचं दार उघडलं.

"अशा मानसाले उन्हात काऊन उभं केलं बाई? बसा, घरी सोडून देतो."