हाराखालचा आकडा

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पंचवटीत एका पांढऱ्या टेम्पोने फुलं विकणाऱ्या बाईला उडवलं. बाई जागीच गेली, टेम्पो पळाला. खबऱ्याने एका दुकानाबाहेरचा कॅमेरा दाखवला. फुटेज धुरकट होतं. मी तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. दोनच दिवसांत आमच्या उपनिरीक्षकाने नंबर स्वच्छ दिसणारा फोटो माझ्या टेबलावर ठेवला आणि पिंपळगाव बसवंतहून टेम्पोवाल्यालाही उचलून आणलं.

टेम्पोवाल्याच्या डोक्याचं ताजं मुंडण होतं आणि गालावर बोटं उमटलेली होती.

"त्या दिवशी पंचवटीत होता, कबूल करतोय सर," उपनिरीक्षक म्हणाला. "ओळखू येऊ नये म्हणून डोकंही भादरलंय."

"बापाचा दहावा होता ओ साहेब, रामकुंडावर!" तो रडत म्हणाला. "सुतकात दसरा आला. गाडीला हारसुद्धा नाय घातला."

फोटोतल्या टेम्पोलाही हार नव्हता. म्हणजे गडी स्वतःच्याच तोंडाने अडकत होता. तरीही अटकेच्या कागदावर सही करण्याआधी मी मूळ फुटेज लावायला सांगितलं. पाहतो तर टेम्पोच्या पुढे झेंडूचा जाडजूड हार, नंबरच्या शेवटच्या आकड्यावर लोंबणारा.

उपनिरीक्षकाने ज्याच्याकडून फुटेजमधला फोटो साफ करून घेतला होता, त्या स्टुडिओवाल्याला बोलावलं. लग्नाच्या अल्बममधून नको असलेले पाहुणे काढून टाकण्यात त्याचा हातखंडा होता.

"सर, आधी नॉईज, म्हणजे धुरकट ठिपके काढले, मग हार पुसला. खालची जागा सॉफ्टवेअरने भरली."

"कशावरून भरली?"

"आजूबाजूच्या ठिपक्यांवरून. गणित असतं त्यात. शोभेल असं भरतं."

"हाराखाली कोणता आकडा होता, हे त्याला माहीत होतं?"

"ते कसं माहीत असणार, सर?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शोभेल असा आकडा, आणि त्यावर एका माणसाला तुरुंगात टाकायला निघाले होते! बाकीचे आकडे जुळणाऱ्या गाड्या तपासल्या, तेव्हा खरा टेम्पो ओझरच्या एका गॅरेजमध्ये सापडला. दिवा फुटलेला, हार तसाच. त्याच्या चालकाने गुन्हा कबूल केला.

"सॉफ्टवेअर चुकलं, सर," उपनिरीक्षक पुटपुटला. मी त्याचा कसुरी अहवाल त्याच दिवशी वर पाठवला.

कॅमेऱ्याला दिसलं नाही, तर तपासात 'दिसलं नाही' असंच लिहावं. एवढं साधं खरं लिहायची लाज वाटणाऱ्याने खाकी घालू नये, असं माझं तेव्हापासून स्पष्ट मत आहे.

सुटल्यावर तो टेम्पोवाला दारात थांबला. म्हणाला, "साहेब, बाप जिता असता तर मीपण गाडीला हार घातला असता. मग फुटेज बघून सोडलं असतं का मला?"