समोरच्याला वेळ देणारे इक्बालभाई

शुक्रवारी दुपारी आम्ही श्रीगोंद्यातल्या इक्बालभाईंच्या स्टुडिओत आमच्या गप्पांच्या कार्यक्रमाच्या पुढच्या पाहुण्याबद्दल बोलत बसलो होतो आणि शनिवारी सकाळी त्यांच्या पत्नी रेहानाभाभींचा फोन आला. "मॅडम, हे गेले. झोपेतच..." एवढंच त्या बोलल्या. मी फोन कानाला धरून उभी राहिले, त्यांनीही तो ठेवला नाही. पलीकडून घरात जमलेल्या बायकांचे आवाज येत होते. आदल्या दिवशी निरोप घेताना इक्बालभाईंनी हसत सांगितलं होतं की, पुढच्या वेळी असा माणूस आणा ज्याच्याशी माझं अजिबात पटणार नाही. या गोष्टीला आता दीड-दोन महिने झाले, पण असा माणूस कोण असेल हे मी अजूनही मनातल्या मनात शोधत असते.

इक्बालभाईंचा फोटो स्टुडिओ होता. तालुक्यातल्या दोन पिढ्यांच्या लग्नांचे फोटो त्यांनी काढले. मी तिथल्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत असे आणि परीक्षेच्या अर्जांवरच्या फोटोंपासून आमची ओळख. ते अडखळत बोलत. काही शब्द सहज येत, काही घशातच अडून राहत, आणि सगळ्यात जास्त अडे ते स्वतःचं नाव. शाळेत हजेरीच्या वेळी 'हजर' म्हणायला उशीर झाला की गुरुजी गैरहजेरी मांडून मोकळे होत, असं ते सांगायचे. फोटोग्राफी निवडली ती त्यामुळंच. "कॅमेऱ्यामागं गेलं की बोलावं लागत न्हाई," ते म्हणत. पुढे प्रत्येकाच्या हातात मोबाईल आला, स्टुडिओ ओस पडला, आणि माझ्या निवृत्तीच्या सुमारास त्यांच्याकडे पासपोर्ट फोटोंशिवाय फारसं काम उरलं नव्हतं.

गप्पांची सुरुवात झाली ती एका बंद पडलेल्या गाडीमुळे. कॉलेजात व्याख्यानाला आलेले एक मृदाशास्त्रज्ञ परत निघाले आणि बाजारपेठेतच गाडी बंद पडली. मेकॅनिक येईपर्यंत बसायला म्हणून मी त्यांना इक्बालभाईंकडे नेलं. इक्बालभाईंनी चहा सांगितला आणि एक प्रश्न विचारला, जमिनी चोपण होतात, पांढऱ्या पडून नापीक होतात, हे ठाऊक असूनही लोक उसाला इतकं पाणी का देतात? प्रश्न पुरा व्हायला वेळ लागला. शास्त्रज्ञ थांबले, आणि त्या थांबण्यात त्यांचं ठरलेलं उत्तर बहुधा गळून पडलं. ते म्हणाले, "बरीच वर्षं मला वाटायचं, लोकांना समजत नाही म्हणून. मग माझ्या सख्ख्या भावाचं शेत चोपण झालं. मी त्याला रागावलो, तर तो म्हणाला, कालव्याची पुढची पाळी कधी येईल ते सांग, मग कमी पाणी देतो. मला ते सांगता आलं नाही." तासभर आधी व्याख्यानात याच विषयावर ते बोलले होते, तेव्हा यातलं काहीच आलं नव्हतं. इक्बालभाईंनी कॅमेऱ्याकडे बोट दाखवून नजरेनंच परवानगी विचारली. गाडी दुरुस्त होऊन दाराशी आली तरी पाहुणे बोलतच होते.

त्यानंतर आमचा तो शिरस्ताच झाला. मी नगरहून, पुण्याहून माणसं गाठायची, इक्बालभाईंनी त्यांच्याशी बोलायचं, आणि ते बोलणं काटछाट न करता मोबाईलवर टाकायचं. कार्यक्रमाला नाव दिलं होतं 'निवांत'. खगोलशास्त्र शिकवणारे आले, गावोगावच्या लग्नजुळणीचा अभ्यास केलेल्या समाजशास्त्रज्ञ बाई आल्या, साथीच्या रोगांवर काम केलेले डॉक्टर आले. इक्बालभाई प्रत्येकाला एक गोष्ट विचारायचेच, तुमचं कोणतं मत तुम्ही सोडून दिलंत? काही पाहुणे हसून विषय बदलत. पण बहुतेकजणांच्या बोलण्यातला वर्गातला सूर तिथून पुढे जाई. आयुष्यभर विज्ञान शिकवलेल्या मला त्या खोलीत बसून उमगलं की, जाणकार माणूस आपल्या माहितीबद्दल बोलतो तेव्हा मी फक्त टिपून घेते, पण तो आपल्या चुकीबद्दल बोलू लागला की मीही विचार करू लागते.

मग एक वाईट गोष्ट घडली. कोणीतरी इक्बालभाईंच्या अडखळण्याचे तुकडे जोडून, त्याला वाजंत्रीची साथ देऊन एक व्हिडिओ फिरवला. तो तालुकाभर गेला, त्यांच्या नातेवाइकांच्या ग्रुपवरही आला. स्टुडिओचं शटर खाली गेलं. मी घरी गेले तर ते नेहमीसारखे हसले नाहीत. म्हणाले, "दुसऱ्याचं ऐका म्हनून मी लोकांना सांगत बसलो मॅडम, आणि लोकांनी माझं हे ऐकलं." मी समजूत घालायला गेले होते. चहा घेऊन परत आले.

पूर्वी पाहुण्या म्हणून येऊन गेलेल्या नगरच्या मानसोपचारतज्ज्ञ, डॉक्टर मेधा, यांच्याही पाहण्यात तो व्हिडिओ आला होता. त्या न बोलावता आल्या. भाभींकडून स्टुडिओची किल्ली मागून घेतली आणि म्हणाल्या, आज प्रश्न मी विचारणार. इक्बालभाई कसेबसे पाहुण्याच्या जागी बसले. डॉक्टरांनी विचारलं, अडखळणं गेलंच पाहिजे असं वाटतं का? ते म्हणाले, "आधी वाटायचं. आता वाटतं, ते गेलं तर मी बी लोकांच्या मधी मधी बोलायला लागंन." आम्ही सगळेच हसलो. आणि मग त्यांनी आपला नेहमीचा प्रश्न उलट डॉक्टरांनाच विचारला. मागच्या खेपेला त्यांनी तो हसून टाळला होता, या वेळी मात्र सरळ उत्तर दिलं. "सुरुवातीला मी आयांना सांगायचे, मूल कशाला तरी घाबरलं असेल, म्हणून अडखळतं. ते चूक होतं. मेंदूत बोलणं जुळवण्याची जी घडण असते, तिथून ते येतं. पुष्कळदा घराण्यातच असतं. भीतीनं ते वाढू शकतं, पण भीतीनं ते जडत नाही."

इक्बालभाईंचा चेहरा बदलला. त्यांनी विचारलं, "म्हंजे... थप्पड मारल्यानं न्हाई?"

तेव्हा ती हकीकत बाहेर आली. लहानपणी त्यांच्या सख्ख्या चाचांनी रागाच्या भरात त्यांना जोरात मारलं होतं आणि त्याच सुमारास बोलणं अडायला लागलं. घरात सगळ्यांनी चाचांना दोष दिला. आईनं तर त्यांच्याशी बोलणंच टाकलं. चाचा सासुरवाडीला खर्ड्याला जाऊन राहिले, ते पुन्हा घरच्या कार्याला आले नाहीत. डॉक्टर म्हणाल्या, "मारणं वाईटच. पण अडखळणं त्यानं आलेलं नाही."

पुढच्याच आठवड्यात आम्ही खर्ड्याला गेलो. इक्बालभाई, भाभी आणि मी. मी कशाला, असं म्हणून पाहिलं, पण ते म्हणाले, शास्त्राचं कोणी बरोबर असलेलं बरं. किल्ल्याच्या तटापलीकडच्या वस्तीत चाचा पडवीत खाटेवर बसले होते. खूप थकलेले, आणि कानांनी जवळजवळ बहिरे. इक्बालभाई शेजारी बसून म्हणाले, चाचा, माझं बोलणं तुमच्यामुळं बिघडलेलं नाही. त्यांची घरची दखनी बोली, मी माझ्या मराठीत सांगते आहे. चाचांना ऐकू गेलं नाही. इक्बालभाईंनी आवाज चढवून पुन्हा म्हटलं, आणि 'तुमच्यामुळं' हा शब्द अडला. भाभी वाक्य पुरं करायला पुढे झाल्या, तर त्यांनी हातानं थांबवलं. कपाळावर घाम आला होता. शब्द सुटेपर्यंत चाचा त्यांच्या ओठांकडे बघत राहिले.

"कोण म्हणतं असं?" चाचांनी विचारलं.

"नगरच्या डॉक्टर बाई."

चाचा खाटेवरच त्यांच्याकडे वळून बसले. मग म्हणाले, "तुझ्या अम्मीला कळलं होतं का रे हे?"

अम्मी जाऊन वर्षं लोटली होती. इक्बालभाईंनी नुसती नकारार्थी मान हलवली. चाचांनी डोळे पुसले, आत हाक मारून ही मंडळी जेवून जातील असं सांगितलं, आणि इक्बालभाईंचा हात धरला तो ताटं येईपर्यंत सोडला नाही. परतीच्या वाटेवर इक्बालभाई गाडीत झोपून गेले. त्यांना इतकं गाढ झोपलेलं किती तरी वर्षांत पाहिलं नव्हतं, असं भाभी मला हळूच म्हणाल्या.

स्टुडिओचं शटर पुन्हा वर गेलं. डॉक्टरांबरोबरच्या त्या गप्पा एकही विराम न कापता लोकांसमोर ठेवल्या, आणि फोन येऊ लागले. अडखळत बोलणाऱ्या माणसांची महिन्यातून एक बैठक तिथं सुरू झाली. कॅमेऱ्यासमोर यायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं. इक्बालभाईंना या बैठकीचं फार अप्रूप होतं. अशा तीन-चारच बैठका त्यांच्या वाट्याला आल्या...

इक्बालभाईंच्या चाळिसाव्या दिवसाला चाचा खर्ड्याहून जीपनं आले. इतक्या वर्षांनी या घराचा उंबरा ओलांडताना ते क्षणभर थबकले, तेव्हा भाभींनीच पुढे होऊन त्यांना आत आणलं. घरातली जाणती मंडळी उठून उभी राहिली आणि चाचांना मधोमध जागा दिली. त्या दुपारी भाभी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बैठक बंद नका करू मॅडम. कॅमेरा मी धरते, मला येतो."

गेल्या रविवारी ती बैठक झाली. पुणतांब्याच्या सुमनबाई पहिल्यांदाच आल्या होत्या. गोदाकाठी त्यांची शेती, मुलं मोठी झालेली. घराबाहेरच्या कुणाशी त्या फोनवर कधीच बोललेल्या नाहीत, फोन वाजला की दुसऱ्याच्या हातात देतात, असं त्यांच्या यजमानांनी आम्हाला आधीच सांगितलं होतं. त्या कॅमेऱ्यासमोर बसायला तयार झाल्या, पण थोडंच बोलल्या आणि उठल्या. मी भाभींकडे पाहिलं. इक्बालभाईंची एक सवय होती, पाहुणा उठला तरी ते कॅमेरा बंद करत नसत. माणूस खरं बोलतो ते चप्पल घालताना, असं त्यांचं म्हणणं. भाभींनीही कॅमेरा चालूच ठेवला होता.

सुमनबाई दारात वाकून चपला शोधत होत्या. तशाच वाकलेल्या त्या म्हणाल्या, "पुढच्या बारीला... बोलवायचं आसंल तर..." आणि शब्द अडला. खोलीतलं कोणी हललं नाही. बाहेरून एक टेम्पो गेला. सुमनबाई सरळ उभ्या राहिल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "माझ्या नंबरवर फोन करा. मी उचलते."